सॉफ्टवेअर चमूतील स्वमग्न सहकारी : भाषेच्या अंगाने विचार

स्वमग्नता, डिस्लेक्सिया, एडीएचडी अशा अवस्था असलेल्यांना हल्ली ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हटले जाते. मेंदूची घडण वेगळी, इतकाच त्याचा अर्थ. प्रस्तुत लेखात सॉफ्टवेअर क्षेत्रातील स्वमग्न व्यक्तींपुरताच विचार केला आहे.

डेन्मार्कच्या थॉर्किल सोन्ने यांनी मुलाच्या स्वमग्नतेचे निदान झाल्यानंतर २००४ साली ‘स्पेशलिस्टर्ना’ ही कंपनी काढली व स्वमग्न व्यक्तींना सॉफ्टवेअर-चाचणीचे काम दिले. निवडीसाठी नेहमीच्या मुलाखतीऐवजी लेगोचे यंत्रमानव जुळवायला दिले जात. २०१३ मध्ये एसएपी या जर्मन कंपनीने त्यांच्या सहकार्याने असाच उपक्रम जाहीर केला. त्याचा प्रारंभिक प्रयोग बंगळूरच्या केंद्रात झाला होता. मुलाखतीत बोलण्याची सफाई तपासली जाते, काम नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

भाषेच्या अध्यापकाला यात ओळखीची गोष्ट दिसते. अभिधा, लक्षणा, व्यंजना हा भेद आपण काव्यासाठी शिकवतो, उर्दूत किनायाची चर्चा करतो. कार्यालयात मात्र दिवसभर व्यंजनेतच बोलले जाते! ‘हे एकदा बघून घ्या’ असे प्रमुख म्हणतात, तेव्हा चूक शोधायची, दुरुस्त करायची, की नुसती नजर टाकायची? आणि कधीपर्यंत? इतर सहकारी सुरावरून ताडतात. अनेक स्वमग्न व्यक्तींना तो सूर चटकन उमगत नाही, आणि त्याची नोंद कामचुकारपणा म्हणून होते.

वास्तविक चांगल्या चाचणी-अहवालात कोणत्या पायऱ्या केल्या, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, हे स्वतंत्रपणे लिहावेच लागते. हीच शिस्त सूचनांना लावली की निम्मे काम होते. बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी मिळावेत, शंका विचारण्यासाठी एक सहकारी ठरलेला असावा, गोंगाटात हेडफोन लावण्यास मुभा असावी. यात खर्च फारसा नाही. मात्र प्रत्येक स्वमग्न व्यक्ती गणिती प्रतिभावंत असते, ही समजूत सोडली पाहिजे. तीमुळे सामान्य कुवतीच्या उमेदवारावर अन्याय होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असे त्याचे कलम १६ सांगते. म्हणजे हा प्रश्न नोकरीपूर्वी आपल्याच वर्गात येतो. तोंडी परीक्षेत प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवावा, उत्तराला वेळ द्यावा, आणि विद्यार्थी नजर देत नाही म्हणून गुण कापू नयेत.