जुन्या संगणकास दुसरी हार्ड डिस्क

घरातील संगणक जुना झाला असे आपण केव्हा म्हणू लागतो? बहुधा, जागा उरली नाही अशी सूचना पडद्यावर वारंवार उमटू लागते तेव्हा. वास्तविक त्या वेळी यंत्र थकलेले नसते. त्याचे कोठार तेवढे भरलेले असते. कणगी भरली म्हणून कोणी घर मोडीत काढीत नाही. शेजारी दुसरी कणगी ठेवतात. संगणकाच्या बाबतीतही हाच मार्ग मोकळा आहे, आणि घरच्या माणसाने अर्ध्या दिवसात उरकावे एवढेच ते काम आहे.

शिवाय त्या कोठारात काय काय असते, याचाही विचार करावा. मुलाच्या बारशाची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या, जागेचे दस्तऐवज, आणि आता हयात नसलेल्या माणसांचे चेहरे. पुष्कळ घरांत हा सारा ऐवज एकाच हार्ड डिस्कवर असतो. तिच्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेत असतात, आणि त्यांवरील मजकूर वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असते. असे यंत्र वर्षानुवर्षे चालते हेच नवल. ते आज ना उद्या थांबणार हे मात्र निश्चित. म्हणून दुसरी डिस्क ही केवळ जास्तीची जागा नव्हे. पहिलीच्या ऐवजाची दुसरी प्रत तिच्यावर ठेवता येते, हा तिचा मोठा उपयोग होय.

१९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली यंत्रणा विक्रीस काढली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे साठवीत. कपाटाएवढ्या त्या यंत्रात आजच्या फोनवरील एखादेच छायाचित्र मावले असते!

खरेदीस निघण्यापूर्वी संगणकाची वीज बंद करून, तार भिंतीतून काढून, कॅबिनेटची बाजू उघडावी व आत पाहावे. मदरबोर्डापासून जुन्या डिस्कपर्यंत बोटाएवढी अरुंद केबल गेली असेल, तर ती साटा पद्धतीची होय. २००३ च्या सुमारास ती रूढ होऊ लागली. तळहाताएवढी रुंद, चपटी पट्टी असेल तर ती त्याआधीची आयडीई. तिच्या डिस्क आता नव्या बनत नाहीत, व जुनी मिळाली तरी भरवसा नाही. तेव्हा अशा संगणकावर खर्च न केलेला बरा. साटा असल्यास मदरबोर्डावर तशीच रिकामी जागा, वीजपुरवठ्याच्या पेटीतून आलेला मोकळा प्लग आणि डिस्क बसविण्याचा कप्पा, या तीन गोष्टी आहेत ना ते पाहून घ्यावे.

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, तसा बंगळुरूकरांना सादर पत्रप्पा रोड. केंपेगौडाने १५३७ साली जी पेठ वसविली असे मानतात, तिच्या परिसरात, टाउन हॉलपासून जवळच हा रस्ता आहे. कानडीतील ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच, हे चिकपेटे, नगरतपेटे ही नावे ऐकताच मराठी माणसाच्या ध्यानी येते. येथील दुकानांत संगणकाचा हरेक सुटा भाग मिळतो, जुना आणि नवाही. म्हणूनच जपावे. वापरलेली डिस्क पुसूनपासून नव्या पाकिटात येऊ शकते. डिस्क आपण किती तास चालली याची नोंद स्वतःजवळ ठेवते. दुकानदारास ती पडद्यावर दाखविण्यास सांगावे. त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून हमीची मुदतही पैसे देण्यापूर्वीच पडताळावी. वीजप्लगसाठी जोडतुकडा लागल्यास अतिस्वस्त घेऊ नये. साच्यात ओतलेले असे काही तुकडे वितळून पेटल्याची उदाहरणे आहेत.

बसविताना प्रथम कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. डिस्क कप्प्यात सरकवून तिच्याच मापाचे स्क्रू लावावेत. एसएसडी ही विनाफिरतीची डिस्क आकाराने लहान असते, तिला स्वतंत्र चौकट लागते. केबलच्या तोंडाशी इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. बसत नसेल तर जोर करू नये.

खरा धोका पुढेच आहे. संगणक सुरू केला की नवी डिस्क आपोआप दिसत नाही. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिची आखणी व फॉरमॅट करावे लागते. तेथे दोन्ही डिस्क एकाखाली एक दिसतात. जुनीवर बोट पडले, तर आजीच्या ओव्या क्षणात जातील. यास्तव आधी महत्त्वाचा ऐवज पेन ड्राइव्हवर घ्यावा, आणि आकारमान पाहून नवी कोणती याची खात्री दोनदा करावी. १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दाखवील; ती फसवणूक नव्हे. कंपनी हजारांनी मोजते, संगणक १,०२४ नी. दोन टीबीहून मोठी डिस्क असेल तर आखणीच्या वेळी जीपीटी हा प्रकार निवडावा, नाहीतर वरची जागा वाया जाईल.

जागा वाढली म्हणजे यंत्र नवे झाले, असे मात्र समजू नये. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्यांच्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, त्यांनी नव्या एसएसडीवर लिनक्स बसविण्याचा विचार करावा. त्या वेळी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवलेली असावी.

एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूस संध्याकाळी वीजवादळे होतात. वीज तारेतून आत शिरली तर एकाच पेटीतील दोन्ही डिस्क एकदम जातात. तेव्हा घरात दोन प्रती झाल्या तरी तिसरी, बाहेरून जोडण्याच्या डिस्कवर घेऊन, पुण्याच्या किंवा बेळगावच्या नातलगाकडे ठेवावी व दिवाळीच्या भेटीत ताजी करावी. घरच्या दोन्ही डिस्कवर बसविल्याचा दिनांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवावा. फिरत्या डिस्कच्या झाकणावर हवेसाठी बारीक छिद्र असल्यास ते चिठ्ठीखाली झाकले जाणार नाही, एवढे पाहावे.