निवेदन दिले, फोटो निघाला, पुढे काय? राज्य शासनाकडे पाठपुरावा करण्याची पद्धत

जिल्हाधिकारी कार्यालयात काढलेला एक फोटो आपल्या सर्वांच्या मोबाईलमध्ये असतो. आठ-दहा कार्यकर्ते, मधोमध अधिकारी आणि सगळ्यांचे हात लागलेले निवेदन. फोटो त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फिरतो, दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी येते. सहा महिन्यांनी त्या निवेदनाचे काय झाले असे विचारले, तर बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही.

ज्यांच्यासाठी निवेदन दिले ते मात्र थांबलेलेच असतात. गावातून शहरात शिकायला आलेल्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या मुलामुलींसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून सुरू झाली. तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरले. ही रक्कम वर्ष संपता संपता हाती आली, तर खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे तोवर उधारीवर चालतात. ज्याला उधार मिळत नाही तो गावी परत जातो. म्हणून पाठपुरावा हा कार्यकर्त्याच्या हौसेचा विषय नाही. एखाद्या मुलीचे शिक्षण त्यावर अवलंबून असते.

महाडचा धडा

आपल्या चळवळीला ही पद्धत नवी नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पाणी मात्र मिळत नव्हते. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी त्याच ठरावाची अंमलबजावणी लोकांच्या ओंजळीने करून दाखवली. सनातन्यांनी कोर्टात दावा लावला, तो बाबासाहेबांनी शेवटपर्यंत लढवला आणि मार्च 1937 मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

विधिमंडळातील ठराव, स्थानिक संस्थेचा ठराव, लोकांची कृती आणि न्यायालय या चारही पायऱ्यांवर काम झाले, आणि त्याला जवळपास चौदा वर्षे लागली. आज आपण बऱ्याचदा पहिल्या पायरीवरूनच घरी परततो.

मागणी कोणाच्या अधिकारातली आहे?

‘बौद्ध विद्यार्थ्यांना न्याय द्या’ या मागणीवर कोणताही अधिकारी सही करू शकत नाही, कारण तिच्यात करण्यासारखे काही नेमके नाही. ‘या जिल्ह्यातील स्वाधार योजनेच्या मंजूर अर्जांचा दुसरा हप्ता अमुक तारखेपर्यंत खात्यात जमा करावा आणि प्रलंबित अर्जांची यादी कारणांसह फलकावर लावावी’ ही मागणी मात्र मान्य करावी लागते किंवा नाकारावी लागते.

मग ती कोणाकडे न्यायची हे ठरते. अर्ज अडला असेल तर जिल्ह्याचे सहायक आयुक्त, समाज कल्याण. निधीच खाली आला नसेल तर पुण्याचे समाज कल्याण आयुक्तालय. नियमच बदलायचा असेल तर मंत्रालयातील सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग. गावातील वस्तीचा रस्ता, गटार, समाजमंदिर असेल तर जिल्हा परिषदेचा समाज कल्याण विभाग. नियम बदलण्याचे निवेदन तहसीलदाराला दिले तर तो ते फक्त वर पाठवतो. आपल्या बऱ्याच निवेदनांचा प्रवास इथेच संपतो.

शासन निर्णय वाचायला शिका

प्रत्येक योजनेमागे शासन निर्णय असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. वरच्या ‘वाचा’ या भागात आधीच्या निर्णयांची यादी असते, त्यावरून योजनेचा सगळा इतिहास सापडतो. शेवटी ‘प्रत’ या शीर्षकाखाली तो कोणकोणाला पाठवला ते असते. ‘आमच्याकडे असा आदेश आलेला नाही’ असे कोणी म्हणाले, तर ती यादी त्यांच्यासमोर ठेवता येते. निवेदनात शासन निर्णयाची तारीख आणि त्यातील कलम लिहिले की बोलण्याचा सूर बदलतो. आपण मेहेरबानी मागत नाही, त्यांनीच लिहिलेल्या गोष्टीची आठवण करून देत आहोत.

माहितीचा अधिकार नीट वापरा

2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपये शुल्कात अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण 150 शब्दांत बसावा. ‘का दिले नाही?’ असा प्रश्न विचारू नका. कारण सांगणे टाळता येते. कागद मागा: प्राप्त अर्जांची संख्या, मंजूर निधी, वितरित निधी, धारिकेवरील टिपणीची प्रत. उत्तर आले नाही तर 30 दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

एक अर्ज एका जिल्ह्याची गोष्ट सांगतो. दहा जिल्ह्यांतल्या दहा संस्थांनी एकाच आठवड्यात तोच अर्ज केला, तर राज्याचे चित्र हाती येते आणि ते घेऊन मंत्रालयात बसता येते.

सात दिवस, पंचेचाळीस दिवस

शासकीय विलंबाविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, हे अनेक कार्यकर्त्यांना माहीत नसते. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या या 2005 च्या कायद्यानुसार, कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारण धारिका कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसलेल्या प्रकरणात 45 दिवसांत निर्णय व्हायला हवा, पाठवायची असेल तर 3 महिन्यांत.

त्यामुळे निवेदन साहेबांच्या हातात देऊन भागत नाही. आवक कक्षात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ती तारीख वहीत लिहा. आठव्या दिवशी धारिका कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा, शेहेचाळिसाव्या दिवशी या कायद्याचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. एखाद्याची वैयक्तिक तक्रार असेल तर तालुका आणि जिल्हा स्तरावर दर महिन्याला होणारा लोकशाही दिन आहेच.

पैशाचे वेळापत्रक वेगळे असते

आपली आंदोलने 6 डिसेंबर, 14 एप्रिल अशा तारखांभोवती जमतात. शासनाचा पैसा वेगळ्या तारखांनी चालतो. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव विभागांत दिवाळीच्या आसपास सुरू झालेली असते. अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, तेव्हा आकडे ठरलेले असतात. मार्चमध्ये मोर्चा काढून नवी तरतूद होणे अवघड. पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, तिथे राहून गेलेली तरतूद करून घेण्याची संधी असते. आणि 31 मार्चला न खर्चलेला निधी हातून जातो, म्हणून जानेवारीतच ‘किती आले, किती खर्च झाले’ हे विचारले पाहिजे.

जिल्ह्याच्या पातळीवर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती वार्षिक योजना ठरवते आणि त्यात अनुसूचित जाती उपयोजनेचा स्वतंत्र भाग असतो. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या 11.8 टक्के आहे आणि निधी त्या प्रमाणात असावा हे उपयोजनेचे तत्त्व आहे. हा निधी वळवला जाऊ नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी 2013 मध्ये कायदे केले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा ही आपली मागणी जुनी आहे. ती पुढे न्यायची असेल तर आपल्यापैकी काहींनी अर्थसंकल्पाची पुस्तके उघडून लेखाशीर्षे वाचायला शिकलेच पाहिजे.

आमदार केवळ सत्काराला नसतात

विधानसभेत 288 आमदार आहेत, त्यांपैकी 29 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. आपण बहुधा याच आमदारांकडे जातो. पण वसतिगृह ज्याच्या मतदारसंघात आहे तो प्रत्येक आमदार आपला आहे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. त्याच्याकडून भाषणापेक्षा काम मागावे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, किंवा मंत्र्यांच्या दालनात विभागाच्या अधिकाऱ्यांसह बैठक. प्रश्नाचा मसुदा आपणच तयार करून द्यावा, तोही अधिवेशनाच्या बऱ्याच आधी.

मंत्र्याने सभागृहात ‘करतो’ म्हटले तर ते नोंदवले जाते आणि दिलेली आश्वासने पाळली का, हे पाहणारी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. अनुसूचित जाती कल्याण समितीही आहे. ती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते तेव्हा अधिकाऱ्यांची धावपळ पाहण्यासारखी असते. त्या दिवशी आपली दोन पानी टिपणी समितीच्या सदस्यांच्या हातात असली पाहिजे. अत्याचाराच्या प्रकरणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. ती होते का आणि अशासकीय सदस्य कोण आहेत, एवढे विचारले तरी काम हलते.

अनुदान घेणारी संस्था बोलू शकते का?

वसतिगृह किंवा शाळा चालवणाऱ्या संस्थांना एक खरी भीती असते. ‘आम्ही बोललो तर आमचे अनुदान अडेल.’ ही भीती खोटी म्हणून झटकून टाकू नये. यावर उपाय म्हणजे महासंघ. एकेकट्या संस्थेने आपली आकडेवारी आणि अनुभव द्यावेत, मागणी मात्र पंधरा-वीस संस्थांच्या संयुक्त पत्रावर जावी. मग कोणा एकावर राग काढता येत नाही.

त्याचबरोबर आपले घर नीट हवे. धर्मादाय आयुक्तांकडील बदल अर्ज वेळेवर, हिशेबतपासणी पूर्ण, पक्षीय प्रचारापासून संस्था दूर. कागद कच्चे असले की प्रश्न विचारणाऱ्याचीच चौकशी सुरू होते.

आणि अधिकाऱ्याशी बोलताना सम्यक वाचा विसरू नये. फाईल रोखणारा असतो तसा मनापासून मदत करणारा कारकूनही असतो. तोच सांगतो की कोणता कागद कमी आहे. काम झाले तर आभाराचे पत्र जरूर द्या. नकार आला तर लेखी मागा. लेखी नकार हाच अपिलाचा आणि गरज पडल्यास न्यायालयाचा पाया असतो.

सुरुवात एका वहीपासून

प्रत्येक विहारात, प्रत्येक युवक मंडळात पाठपुराव्याची एक वही ठेवा. मागणी, कोणाकडे दिली, आवक क्रमांक, तारीख, पुढची तारीख, जबाबदार कार्यकर्ता. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे ती वही उघडा. एका वर्षात वीस निवेदने देण्यापेक्षा दोनच मागण्या घेऊन त्या शेवटाला नेल्या, तर वस्तीतल्या लोकांचा आपल्यावरचा आणि आपला स्वतःवरचा विश्वास वाढतो.

फोटो अवश्य काढा. पण ज्या दिवशी त्या मुलीच्या खात्यात पैसे जमा होतील, त्या दिवशी काढा.

जय भीम! नमो बुद्धाय!