कडा टिकला तर पाखाडी टिकेल : किनाऱ्याची धूप समजून घेऊ या

कोकणातल्या आपल्या कितीतरी वस्त्या समुद्राला अगदी लागून आहेत. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, साखरी-नाटे ही त्यातली ठळक नावं. अनेक गावांची रचना एकसारखी दिसते. वर जांभ्याचा सडा, सड्यावर किंवा उतारावर घरं, मस्जिद, कब्रस्तान; खाली पुळण आणि ओढून ठेवलेल्या होड्या. या दोन्हींना जोडणारी चिऱ्यांची पाखाडी. मासेमारीला जाणारे, टोपल्या घेऊन वर येणाऱ्या बाया, ईदच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर खेळायला निघालेली पोरं, सगळे त्याच वाटेने ये-जा करतात.

हा कडा दर पावसाळ्यात थोडा-थोडा खाली येतो. एखाद्या वर्षी पाखाडीच्या चार पायऱ्या जातात, एखाद्या वर्षी काठावरचा माड जातो. मग गावात एकच मागणी उठते, 'बंधारा बांधा!' मागणी चुकीची आहे असं आम्ही म्हणत नाही. पण कडा का ढासळतो हे समजून न घेता बांधलेला बंधारा पुष्कळदा निम्मंच काम करतो. म्हणून आज हा विषय मुळापासून समजून घेऊ या.

कडा तीन बाजूंनी खचतो

पहिला मार खालून बसतो. उधाणाच्या भरतीला लाटा कड्याच्या पायथ्यावर आदळतात. तिथली माती सुटते, पायथ्याशी खाच पडते आणि वरचा भाग अधांतरी राहतो. पुढे कधीतरी तो भाग स्वतःच्याच वजनाने कोसळतो.

दुसरा मार वरून. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. सड्यावरचं पाणी वाट मिळेल तिकडून काठावरून खाली उडी घेतं आणि उतारावर घळी पाडतं. ज्या घळीत पहिल्या वर्षी हात जातो, तिच्यात पाचव्या वर्षी माणूस उभा राहतो.

तिसरा मार आतून बसतो आणि लोकांच्या लक्षात येत नाही तो हाच. जांभा दगड वरून टणक दिसतो, पण तो सच्छिद्र असतो. पाणी त्यातून खाली झिरपतं. खाली अनेक ठिकाणी मऊ, चिकट मातीचा थर असतो. त्यातून पाणी सहज पुढे जात नाही, म्हणून ते त्या थरावरून आडवं वाहत कड्याच्या तोंडातून पाझरतं. माती ओली होऊन निसरडी होते आणि वरचा दगडांचा थर तिच्यावरून घसरतो. म्हणूनच पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी, चांगलं ऊन पडलेलं असताना, दरड कोसळते आणि लोक म्हणतात, 'आज तर पाऊसही नव्हता!'

बंधारा यातला फक्त पहिला मार अडवतो. उरलेले दोन मार पाण्याचे आहेत, आणि ते पाणी समुद्राचं नाही, आपल्या छपरांचं, अंगणांचं आणि शोषखड्ड्यांचं आहे.

एक साधा हिशोब करून पाहू. १००० चौरस फुटांचं छप्पर आणि ३००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका घरावरून पावसाळ्यात सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी खाली येतं. काठाजवळ अशी दहा घरं असतील आणि त्यांचं पन्हाळीचं पाणी मागच्या बाजूला सोडलेलं असेल, तर दर पावसाळ्यात २७ लाख लिटरपेक्षा जास्त पाणी आपणच कड्याच्या पोटात ओततो. त्यात सांडपाणी वेगळं.

वर्कलाचा धडा

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात वर्कला इथे समुद्रालगत लाल कड्यांची रांग आहे. वर जांभा, खाली वाळूचे दगड आणि चिकणमातीचे थर, तोंडातून वाहणारे झरे. आपल्याकडच्या कड्यांशी बरंच साम्य. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या कड्यांना भूवारसा म्हणून मान्यता दिली आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या संभाव्य यादीतही त्यांचं नाव गेलं.

या कड्याच्या अगदी काठावरून पायवाट जाते. पर्यटक वाढले, तशी तिच्या कडेने दुकानं आणि हॉटेलं उभी राहिली. बांधकामांचं वजन, सांडपाणी, पावसाचं मुरणारं पाणी आणि खालून लाटा असं सगळं एकत्र आलं. ज्या दृश्यासाठी लोक येतात, त्या दृश्याखालचीच जमीन सुटायला लागली. आपल्या सड्यांवरही आता होमस्टे आणि 'सी व्ह्यू' प्लॉट येत आहेत. रोजगार हवाच, पण काठापासून किती आत बांधायचं हे आजच ठरवलं नाही, तर वर्कलाची अडचण आपल्या दारात यायला वेळ लागणार नाही.

भिंत कधी उपयोगी, कधी नाही

राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यात देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे ३३.६ टक्के किनारा धुपत असल्याचं आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५.५ टक्के आहे. म्हणजे आपला पाऊण किनारा टिकून आहे किंवा वाढतो आहे. त्यामुळे सरसकट सगळीकडे दगड ओतण्याची गरज नाही.

लाट भिंतीवर आदळली की तिचा जोर संपत नाही. ती मागे वळते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. भिंत जिथे संपते, तिथल्या शेजारच्या किनाऱ्यावर धूप वाढते. शिवाय कड्यातून सुटणारी माती-वाळू हे पुळणीचं खाद्य असतं. ते अडलं की पुळण अरुंद होते. रुंद पुळणीवर लाट हळूहळू दमते, अरुंद पुळणीवर ती थेट कड्यापर्यंत पोचते.

पुदुच्चेरीचं उदाहरण बोलकं आहे. तिथे १९८०च्या दशकात बंदराचे बांध झाले. किनाऱ्यालगत सरकणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण गेली. तिथे वर्षानुवर्षं फक्त दगडांचा बांध उरला. पुढे समुद्रात पाण्याखाली खास रचना बसवून लाटांचा जोर कमी केला गेला आणि २०१८ नंतर शहरासमोर वाळू पुन्हा साचू लागली. अर्थ सरळ आहे. वाळूला जागा आणि वाट मिळाली तर किनारा स्वतःला सावरतो. खाडीतून उपसलेली वाळू म्हणूनच फक्त सरकारची चोरी नसते, ती आपल्या गावच्या पुळणीतून केलेली कपात असते.

मस्जिद, कब्रस्तान, शाळा किंवा दाट वस्ती थेट काठावर असेल, तर तिथे धूपप्रतिबंधक बंधारा लागेलच. तो तज्ज्ञांच्या पाहणीनंतर आणि वरच्या पाण्याची सोय करूनच व्हावा, एवढंच आमचं म्हणणं.

आधी पाणी, मग माती, मग झाडं

कडा सावरायचा तर कामांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं काम पाण्याचं. काठापासून आत, वरच्या बाजूला, काठाला समांतर चर काढायचा आणि सड्याचं पाणी त्यातून जवळच्या वहाळात न्यायचं. घरांच्या पन्हाळी पाइपने याच चराला जोडायच्या. काठाजवळचे शोषखड्डे आत हलवायचे. पाणी खालीच सोडावं लागत असेल, तर ते उघडं न सोडता बंद पाइपने थेट पायथ्यापर्यंत न्यायचं आणि तोंडाशी मोठे दगड ठेवायचे. चर कच्चा राहिला आणि पाणी तिथेच मुरलं, तर फायद्याऐवजी नुकसान होतं. म्हणून कड्याजवळच्या भागात त्याला अस्तर हवं.

दुसरं काम उघड्या मातीचं. घळींमध्ये दगडांचे छोटे आडवे बांध घालायचे, म्हणजे पाणी दमतं आणि माती अडते. गडगे रचण्याची कला आपल्या गावांत अजून आहे, ती इथे कामाला येते. उघड्या उतारावर काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी घट्ट बसवायची. ती काही वर्षांत कुजून जाते, तोवर गवताची मुळं माती धरतात.

तिसरं काम लागवडीचं. उतारावर वाळा आणि स्थानिक गवतं चांगली, वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. खाली वाळूवर मर्यादवेल आणि केवडा. उंडी, करंज अशी मोठी झाडं काठावर नकोत, आत हवीत. काठावरचं मोठं झाड वाऱ्यात हलतं आणि स्वतःसोबत कड्याचा तुकडा घेऊन जातं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात किनाऱ्यावरची सुरूची झाडं किती आडवी झाली, हे रायगड-रत्नागिरीच्या लोकांनी पाहिलं आहे. एकट्या सुरूवर भिस्त ठेवून चालणार नाही.

वाट कशी वाचवायची

कड्यावरून खाली जाणाऱ्या वाटेची सर्वात जास्त हानी आपलेच पाय करतात. कोणी पाखाडी सोडून शॉर्टकट मारतो. दहाजण मागे जातात. गवत मरतं. पुढच्या पावसात तीच वाट ओहोळ बनते.

म्हणून पहिला नियम, खाली उतरायची वाट एकच ठेवायची आणि ती चांगली ठेवायची. बाकीच्या वाटा काटेरी फांद्या टाकून बंद करायच्या आणि तिथे लागवड करायची. वाट सरळ खाली नेण्यापेक्षा वळणं घेत नेली तर पाण्याला वेग येत नाही. पाखाडीवर ठरावीक अंतराने तिरके दगड बसवून पाणी बाजूच्या गटारात वळवायचं. काठावरून जाणाऱ्या वाटेचा उतार किंचित आतल्या बाजूला, म्हणजे सड्याकडे ठेवायचा, समुद्राकडे नाही.

दुसरा नियम थोडा कडू आहे. काठाला समांतर भेग दिसली, तर वाट तिथेच दुरुस्त करत बसायचं नाही, ती आत सरकवायची. गेलेल्या जागी सिमेंट ओतलं तर फक्त वजन वाढतं. वाट आत घ्यायला कोणाच्या तरी कुंपणाची चार फूट जागा लागते, आणि गावोगावचं घोडं तिथेच अडतं.

धोक्याच्या खुणा प्रत्येक घरात माहीत हव्यात. काठाला समांतर भेगा, अचानक कललेली झाडं किंवा खांब, कड्यातून नव्याने सुरू झालेला पाझर, स्वच्छ झऱ्याला आलेलं गढूळ पाणी, खाली पडलेले ताजे दगड. यातलं काही दिसलं की वाट लगेच बंद करायची आणि ग्रामपंचायतीला व तहसील कार्यालयाला कळवायचं. पावसाळ्यात कड्याच्या पोटाशी बसणं, तिथे पोरांना खेळू देणं आणि काठावर उभं राहून सेल्फी काढणं टाळलंच पाहिजे.

परवानगी आणि पैसा

भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग किनारा नियमन क्षेत्रात म्हणजे सीआरझेडमध्ये येतो. वाळूच्या टेकड्या आणि कांदळवन यांना त्यात सर्वात कडक संरक्षण आहे. त्यामुळे बांधकाम, भराव किंवा खोदकाम करण्याआधी ग्रामपंचायत आणि तहसीलमध्ये विचारणं आवश्यक आहे. बंधाऱ्यांचा विषय महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, किनाऱ्यावरच्या शासकीय वनातल्या लागवडीचा वन विभागाकडे जातो. ग्रामसभेचा ठराव, जागेचे फोटो आणि मागच्या काही वर्षांत काठ किती मागे आला याची नोंद सोबत असेल तर अर्जाला वजन येतं. चर, गडगे, लागवड ही कामं रोजगार हमीत बसतात का, हेही विचारून घ्यावं.

नोंद ठेवणं अवघड नाही. काठापासून आत एखादी पक्की खूण ठरवायची. पावसाळ्याआधी आणि नंतर तिथून काठापर्यंत टेपने अंतर मोजायचं, वहीत तारखेसह लिहायचं. मोजणाऱ्याने काठाच्या टोकाला जायचं नाही, हे मात्र पाळायचं. शाळेतल्या मुलांकडून वहीतल्या आकड्यांचा तक्ता करून घेता येतो.

हे काम दीनचंही आहे

आपण पर्यावरणाचा विषय आला की तो सरकारचा किंवा एनजीओचा समजतो. खरं तर वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणं ही ईमानची शाखा असल्याचं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवलं. कयामत येताना दिसली तरी हातातलं रोप लावून टाकावं, अशीही त्यांची शिकवण आहे. मदिनेजवळ नकीअ इथे त्यांनी चराईची जमीन राखीव ठेवली होती, तिला 'हिमा' म्हणत. काही जागा सर्वांच्या भल्यासाठी वापराबाहेर ठेवायची ही पद्धत आपल्यासाठी नवी नाही.

आणि एक हदीस तर जणू आपल्या गावांसाठीच आहे. एका जहाजात काही लोक वर, काही खाली बसले. खालच्यांनी पाण्यासाठी आपल्या भागात भोक पाडायचं ठरवलं. वरच्यांनी त्यांना रोखलं तर सगळे वाचतील, नाहीतर सगळे बुडतील. आपल्या कड्यावर गोष्ट फक्त उलटी आहे. भोक वरचे पाडतात आणि दरड खालच्यांवर येते. माझ्या छपराचं पाणी माझ्या जागेत सोडलं, तुला काय, असं इथे म्हणता येत नाही.

हे काम एका मोहल्ल्याचंही नाही. खाली त्याच पुळणीवर कोळी, भंडारी, दालदी सगळ्यांच्या होड्या लागतात. जमातीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत हा विषय एकत्रच मांडला पाहिजे.

सुरुवात लहान असू द्या. एप्रिल-मेमध्ये चर आणि पन्हाळी, जूनच्या पहिल्या सरींबरोबर लागवड, जुलै ते सप्टेंबर देखरेख, ऑक्टोबरमध्ये दुरुस्ती. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी दोन मिनिटं यावर बोलावं, मस्जिदीच्या छपराचं पाणी सर्वात आधी चराला जोडावं. मस्जिदीने केलं की घरं मागे येतात. वाट आत घ्यायला ज्याने चार फूट जागा दिली, त्याच्यासाठी ती सदका-ए-जारिया ठरेल. त्या वाटेवरून रोज पहाटे होडीकडे जाणारा प्रत्येकजण त्याला दुआ देईल.