तिरप्या रेघेवरची बेरीज

जळकोट-उदगीरकडची मुलं बी.एस्सी.ला गणित घेतात, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा पेपर देतात आणि मॅट्रिक्सची रँक, इन्व्हर्स काढून मोकळी होतात. याच्या पुढे काय, हे सहसा कुणी सांगत नाही. पुढे बरंच आहे, आणि त्यातलं काही पुण्या-मुंबईत घडलेलं आहे.

सुरुवात जुन्या प्रश्नापासून करू. कुठलीही धन पूर्ण संख्या जास्तीत जास्त चार वर्गांच्या बेरजेत बसते, हे गणितज्ञ लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. ७ म्हणजे ४+१+१+१. ऋण संख्या मात्र कधीच बसत नाही, कारण वर्ग ऋण होत नाही. आता संख्येच्या जागी दोन बाय दोनची मॅट्रिक्स घ्या. वरच्या ओळीत ०, १ आणि खालच्या ओळीत −१, ०. तिला तिनेच गुणा. वर −१, ० आणि खाली ०, −१ येतं. म्हणजे ‘उणे एक’ हा इथे चक्क वर्ग आहे! पूर्णांकांची कुठलीही चौरस मॅट्रिक्स, आकार दोन किंवा जास्त, तीनच वर्गांच्या बेरजेत बसते, हे गणितज्ञ वासरस्टाइनने १९८०च्या दशकात दाखवलं.

मग सगळीकडे असंच चालतं का? नाही. पूर्णांकांत उणे एकचं वर्गमूळ, म्हणजे ‘आय’, मिसळा. या संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांच्यातच राहतात, भागाकार राहीलच असं नाही. अशा कुटुंबाला रिंग म्हणतात. मॅट्रिक्सच्या मुख्य तिरप्या रेघेवरच्या संख्यांची बेरीज म्हणजे ट्रेस. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचा वर्ग केला की त्याचा ट्रेस येतो मूळ ट्रेसच्या वर्गातून निश्चयकाची (डिटरमिनंटची) दुप्पट वजा करून. या रिंगमध्ये त्यातला ‘आय’चा सहगुणक नेहमी सम निघतो. सम संख्या कितीही मिळवा, विषम होणार नाही. म्हणून डाव्या वरच्या कोपऱ्यात ‘आय’ आणि बाकी शून्य, अशी साधी मॅट्रिक्स कितीही वर्ग मिळवले तरी तयार होत नाही. निम्मे करायची परवानगी मिळाली, म्हणजे जिथे भागाकारही चालतो त्या फील्डमध्ये गेलो, की ही अडचण राहत नाही. संशोधनाची खरी गंमत त्यामुळे रिंगमध्येच आहे, असं माझं मत.

हे कुठे अडतं आणि कुठे नाही? पुणे विद्यापीठाचे शशिकांत कात्रे आणि संगीता खुळे यांनी २००० मध्ये याचं नेमकं उत्तर दिलं. वर्गाऐवजी घन किंवा पुढचा कुठलाही घात घ्या. मॅट्रिक्सचा आकार घातांकापेक्षा लहान नसेल, तर बीजीय पूर्णांकांच्या, म्हणजे ‘आय’सारख्या संख्यांच्या, रिंगवरची प्रत्येक मॅट्रिक्स त्या घातांच्या बेरजेत बसते. अट एकच, घातांक आणि रिंगचा विवेचक यांत एकाखेरीज सामाईक अवयव नको. दहावीत वर्गसमीकरणाचा विवेचक काढतात, त्याचाच हा भाऊबंद. ‘आय’चं समीकरण क्ष वर्ग अधिक एक, विवेचक −४. दोनशी सामाईक अवयव निघतो, म्हणून वर्ग अडले. तीनशी निघत नाही, म्हणून तीन बाय तीन किंवा मोठ्या मॅट्रिक्समध्ये घन अडत नाहीत.

२०१३ मध्ये कात्रे आणि मुंबईच्या अनुराधा गर्गे यांनी प्रोसीडिंग्ज ऑफ द अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये आकाराचं हे बंधनही काढलं; आकार दोन किंवा जास्त असला की पुरे. जिथे गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो आणि ‘एक’ असतो, अशा कुठल्याही रिंगवर मॅट्रिक्स घातांची बेरीज आहे की नाही हे ट्रेसच्या अटींवरून ठरतं. एका तिरप्या रेघेने एवढं सांगावं, हे मला थक्क करतं. त्यांच्याच निकालानुसार ‘आय’च्या रिंगवरची दोन बाय दोनची प्रत्येक मॅट्रिक्ससुद्धा घनांची बेरीज असते.

किती घन पुरतात, हा प्रश्न अनेक रिंगांसाठी अजून बाकी आहे. बी.एस्सी.च्या मुलांनी वही घ्यावी आणि ‘आय’वाली ती मॅट्रिक्स घनांच्या बेरजेत बसवून बघावी.