कुत्र्याची निगा : जशी जात, तशी पद्धत

तालुक्याच्या गावांतही आता पॉमेरेनियन, अल्सेशियन, लॅब्राडोर, पग अशी कुत्री घरोघरी दिसतात. त्यांच्या खाण्यापिण्याचे लाड होतात, पण केस, कान व नखे यांच्याकडे दुर्लक्ष होते. ही निगा म्हणजे नुसता थाट नव्हे. अस्वच्छ अंगावर गोचिडी, पिसवा, खरूज, गजकर्ण यांना आयता आसरा मिळतो. गजकर्ण तर कुत्र्याशी खेळणाऱ्या मुलांनाही होऊ शकते.

पॉमेरेनियन व अल्सेशियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर राठ केस, खाली मऊ लव. उन्हाळा आला की काहीजण त्यांचे केस पार भादरून टाकतात. हे चूक आहे. केसांमुळे उन्हापासून कातडीचे रक्षण होते. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. म्हणून केस कापण्याऐवजी एक दिवसाआड विंचरून गळलेली लव काढावी. सावली आणि भरपूर पाणी द्यावे.

लॅब्राडोरला आठवड्यातून दोनदा ब्रश पुरतो. कॉकर स्पॅनियलचे लोंबते कान आतून दमट राहतात. कानाला दुर्गंधी येत असेल किंवा कुत्रा सारखी मान झटकत असेल, तर आत काडी न घालता डॉक्टरांना दाखवावे. पगच्या तोंडावरील घड्या ओल्या कापडाने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. आपल्याकडील कारवान व गावठी कुत्र्यांचे केस आखूड असतात. त्यांना आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसले तरी चालते.

अंघोळ साधारणपणे तीन-चार आठवड्यांनी पुरे. माणसांच्या साबणाने कुत्र्याची कातडी कोरडी पडते. त्यांच्यासाठीचाच शाम्पू वापरावा आणि अंग पूर्ण कोरडे करावे.

कुत्रा कोणत्याही जातीचा असो, गोचिडींसाठी कान, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची जागा रोज तपासावी. गोचीड कातडीलगत चिमट्याने धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल ओतू नये. पिकावर फवारायचे कीटकनाशक तर कधीही चोळू नये. कातडीतून आणि अंग चाटताना ते पोटात जाऊन कुत्रा दगावू शकतो. औषध पशुवैद्यांनी सांगितलेलेच वापरावे.

गोचीडतापात कुत्रा खाणे सोडतो, मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी लघवी गडद होते. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक कुत्री वाचतात.

चालताना फरशीवर नखांचा आवाज येऊ लागला, की नखे वाढली असे समजावे. टोकच तेवढे कापावे, कारण आत रक्तवाहिनी असते.

कुत्रा दुखणे बोलून दाखवीत नाही. विंचरताना हाताला लागणारी गाठ, जखम किंवा गोचीड हीच त्याची तक्रार समजावी.