फवारणी पंपाची रचना आणि वापरणाऱ्याचे समाधान

फवारणी पंप घेताना बहुधा किंमत, टाकीची क्षमता आणि फवाऱ्याचा जोर पाहिला जातो. पंपाची खरी पारख मात्र तो दिवसभर पाठीवर वागवल्यानंतरच होते, आणि वागवणारा अनेकदा मालक नसून शेतमजूर असतो. छत्तीसगडचा धानपट्टा असो वा विदर्भाचा कपाशीपट्टा, निवडीतील ही उणीव दुर्लक्षून चालणार नाही.

16 लिटर क्षमतेच्या पंपात पाण्याचेच वजन 16 किलो असते. पंपासह ते 20 किलोच्या आसपास जाते. पट्टे अरुंद असतील तर हा भार खांद्यात रुततो. रुंद, गादीदार पट्टे आणि पाठीला बसणारी टाकी असल्यास श्रम कमी होतात व चाल एकसारखी राहते. चाल एकसारखी राहिली, तरच औषध शेतात सारखे पडते.

दुसरी बाब गळतीची. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती. तथापि फवारणी करणाऱ्याच्या शरीरात कीटकनाशक मुख्यत्वे त्वचेवाटे शिरते, हे ध्यानात घेतल्यास झाकणातून पाठीवर झिरपणारे द्रावण ही किरकोळ तक्रार राहत नाही.

तिसरी बाब नोझलची. दाट धुके पाहून मन सुखावते. पण थेंबाचा व्यास निम्मा झाला, की एका थेंबाचे आठ थेंब होतात. त्यामुळे पान अधिक झाकले जाते हे खरे. परंतु अतिसूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर भरकटतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही येतात. म्हणून कीटकनाशकासाठी पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे, तर तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारे नोझल वापरावे.

खरेदीपूर्वी पंप साध्या पाण्याने भरून पाठीवर घ्यावा व पुढे वाकून पाहावे. झाकण गळू नये. खटका बंद करताच नोझलमधील ठिबक थांबावी. नव्या नोझलमधून एका मिनिटात पडणारे पाणी मोजून नोंदवावे. पुढे त्याच दाबावर ते 10 टक्क्यांहून अधिक वाढले, तर नोझल झिजले असे समजून बदलावे. सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात का, हेही विचारावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी पंप प्रथम फवारणाऱ्या मजुराच्या पाठीवर द्यावा आणि त्याचे मत विचारावे. निवडीत त्या मताला पहिले स्थान असावे.