एका पिल्लाचे दहा धनी

कुत्र्याचे पिल्लू पाळावे असा ठराव घरात बहुधा मुलांकडून मांडला जातो. त्याला काका-आत्यांचे अनुमोदन मिळते, वडील मंडळी 'बघू' एवढेच म्हणतात, आणि एके दिवशी ते पिल्लू टोपलीतून घरात येऊन दाखलही होते. या प्रकरणी जिचे मत सर्वांत आधी घ्यावयास हवे, ती घरातली सून; आणि तिला विचारले जाते ते मात्र सर्वांच्या शेवटी. फरशी पुसणे, रात्री दोनदा उठणे, वेळच्या वेळी खाणे देणे ही कामे कोणी करावयाची याचा त्या ठरावात उल्लेख नसतो. आणि ज्या कामाचा उल्लेख नसतो ते घरात कोणाकडे जाते हे आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. सबब आमची पहिली सूचना अशी की, पिल्लू आणण्यापूर्वी ही कामे नावानिशी वाटून घ्यावी. कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे असते. आज हट्ट धरून बसलेला दहा वर्षांचा मुलगा त्या वेळी शिक्षणासाठी परगावी गेलेला असेल, आणि थकलेल्या कुत्र्याला जिन्यावरून उचलून नेण्याची पाळी घरी राहिलेल्यांवर येईल.

हे एवढ्या आग्रहाने लिहिण्यास कारण आहे. हौसेने आणलेली कित्येक पिल्ले चार-पाच महिन्यांची होताच नकोशी होतात. 'चावते', 'घाण करते', 'कोणाचे ऐकत नाही' अशा तक्रारी होऊ लागतात, आणि मग कोणी तरी त्याला गावाबाहेर सोडून येतो व घरी 'शेतावर पाठविले' असे सांगतो. घरात वाढलेल्या पिल्लाला रस्त्यावर आपले पोट भरता येत नाही, आणि तेथली कुत्री त्याला आपल्या हद्दीत उभे राहू देत नाहीत. या दुर्दशेस पिल्लाचा स्वभाव कारण असतो असे आम्हांस वाटत नाही. पुष्कळदा खरे कारण असे असते की, त्या एका जिवाला घरात दहा धनी असतात आणि दहांचे दहा कायदे असतात.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच राहू द्यावे. त्याहून लहान पिल्लू विकण्यास आपल्याकडे 2017 च्या नियमांनी मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. भावंडांशी झोंबाझोंबी करताना जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. दात किती दाबावा याचा पहिला धडा पिल्लू येथेच शिकते. चार आठवड्यांचे 'गोजिरवाणे' पिल्लू उचलून आणणारा मनुष्य त्याची ही शाळाच बंद करीत असतो. जातीचा विचारही थोडा करावा. बर्फाळ प्रदेशातली दाट केसांची कुत्री आपल्या वैशाखात काय भोगत असतील याची कल्पना ती घेणाऱ्यांना नसते. आपल्या आळीतले गावठी पिल्लू या हवेत केव्हाही अधिक सुखी राहते.

आता घाणीचा प्रश्न. दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी आवरून धरण्याची शक्तीच पुरती आलेली नसते. वयाचे जितके महिने, त्यांत एक मिळवून होतील तितके तास, हा ढोबळ हिशेब आहे; म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाकडून फार तर तीन तासांची अपेक्षा करावी, आणि खेळाच्या भरात तितकीही करू नये. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला उचलून नेमक्या एकाच जागी न्यावे, काम होताच लगेच एखादा खाऊचा कण द्यावा व शाबासकी द्यावी. ती घरात परत आल्यावर दिली तर पिल्लाला ती आत येण्याबद्दल मिळाली असे वाटते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल. पण खाणे येण्यापूर्वीच्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते हे त्यांनी दाखवून दिले, म्हणून जग त्यांना ओळखते. कुत्र्याच्या मनात दोन गोष्टींची सांगड बसावयाची तर त्या लागोपाठ घडाव्या लागतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम भागते.

या नियमाची दुसरी बाजू शिक्षेची. सकाळी केलेल्या घाणीत दुपारी पिल्लाचे नाक घासण्याची चाल अजून पुष्कळ घरी आहे. पिल्लाला त्यातून कळते ते इतकेच की, मालक जवळ आला की मार बसतो; पुढे ते पलंगाखाली लपून घाण करू लागते, आणि घरची मंडळी त्याला लबाड ठरवितात. आपल्या महाभारताचे आदिपर्व ज्यांनी वाचले आहे त्यांना सरमेच्या पिल्लाची कथा आठवत असेल. जनमेजयाचे सत्र चालले असता ते पिल्लू तेथे आले आणि राजाच्या भावांनी त्याला बडविले. ते रडत आईकडे गेले. आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही की त्याला जीभही लावली नाही, असे त्याने सांगितले. सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारती झाली, तेव्हा उत्तर देण्यास कोणाचे तोंड उघडले नाही, आणि तिने शाप दिला. इतक्या मोठ्या ग्रंथाच्या प्रारंभीच निरपराध पिल्लाला झालेला मार येतो, हे आम्हांस नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे.

चावण्याचे मात्र निराळे आहे. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कायमचे 42 दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, आणि चपला, खुर्चीचे पाय, आजोबांच्या चष्म्याचे घर, जे सापडेल ते चावले जाते. चपला कपाटात ठेवाव्या आणि त्याला चावावयास स्वतंत्र वस्तू द्यावी. पाण्यात भिजवून गार केलेल्या जाड फडक्याची गाठही चालते. जुनी चप्पल मात्र खेळावयास देऊ नये, कारण जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला समजण्याचा संभव नाही. हाताला दात लावले तर ओरडाआरडा न करता खेळ थांबवावा, उठावे आणि पाठ फिरवावी. मुले नेमके उलट करतात. किंचाळत पळतात, आणि पिल्लाच्या दृष्टीने खेळाला खरा रंग चढतो तो तेव्हाच.

हे सर्व नियम एकट्या धन्याला सोपे आहेत. एकत्र कुटुंबात अडचण येते ती शब्दांपासूनच. नातू 'सिट' म्हणतो, काका 'बस' म्हणतात, आजोबा 'अरे, खाली बस की' असे सविस्तर सांगतात. त्यात आपल्या मराठीतला 'बस' मोठा घोटाळ्याचा. पाहुण्याला 'बसा', वाढणाराला 'बस बस, पुरे', आणि रस्त्यावरून जाते तीही बसच! दिवसभर ज्याचा कानांवर मारा होतो त्या शब्दाला पिल्लाने काय किंमत द्यावी? चार-पाच शब्द निवडावे, ते कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावे, आणि सर्वांनी तेच वापरावे. पिल्लाचे नावही एकच असावे. हाक मारून जवळ बोलवावे आणि मग रागे भरावे हे तर कधीच करू नये; हाकेला येणे ही गोष्ट त्याला नेहमी लाभाचीच वाटली पाहिजे.

दुसरा घोटाळा जेवणाच्या वेळचा. नऊ माणसे नियम पाळतात, आणि दहावे, बहुधा आजोबाच, पोळीचा तुकडा हळूच खाली सोडतात. 'एखादे वेळी दिला तर काय बिघडले?' असे त्यांचे म्हणणे असते. परंतु एखादे वेळी देण्यानेच अधिक बिघडते. रोज मिळणारी वस्तू बंद झाली की प्राणी लौकर आशा सोडतो. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशी सवय लागली की ती सुटता सुटत नाही. पानाशी भुंकणारे कुत्रे असे तयार होते, आणि मार खाते ते कुत्रेच.

या संदर्भात एक नवल आम्हांस अनेक घरी दिसले. कुत्र्याला सर्वांत अधिक विरोध असतो तो घरातल्या वृद्ध स्त्रीचा. देवघर, सोवळे, स्वयंपाकघर यांचा प्रश्न तिच्या जिव्हाळ्याचा असतो, आणि तरुण मंडळी त्यावर हसतात. पण पुष्कळदा पिल्लू सर्वांत आधी ऐकू लागते ते तिचेच. ती मारीत नाही, लाडही करीत नाही. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत त्याने यावयाचे नाही हा तिचा नियम सोमवारी जो असतो तोच रविवारी असतो, आणि पाहुणे असले तरी तोच असतो. महिन्याभरात पिल्लू त्या उंबरठ्याशी पुढचे पाय जुळवून बसू लागते. ज्या घरी आजीच्या या नियमाला 'जुने खूळ' म्हणून मोडता घातला जातो, तेथे दुसरा कोणताही नियम टिकलेला आमच्या पाहण्यात नाही.

स्वयंपाकघर वर्ज्य असण्यात पिल्लाचेही हित आहे. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा पिल्लाला भक्तिभावानेही देऊ नये. चॉकलेटही विषच. शाकाहारी घरी कुत्रे पाळता येते काय, असे आम्हांस विचारले जाते. कुत्रा हा लांडग्याच्याच कुळातला. तथापि पिष्टमय अन्न पचविण्याची त्याची शक्ती लांडग्याहून पुष्कळ अधिक असल्याचे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. भात-पोळी त्याला पचते; परंतु वाढत्या पिल्लाला तेवढ्याने पुरेशी प्रथिने व चुना मिळत नाही. नुसत्या दहीभातावर त्याला वाढवू नये, पशुवैद्याच्या सल्ल्याने आहार ठरवावा.

जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वाढीवर बरीच वर्षे काम करून 1965 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या मनाची दारे जन्मानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपास बरीचशी मिटतात, हे त्यांच्या अभ्यासाचे सार होय. या काळात जी माणसे, जे आवाज, जे वास ओळखीचे होतात त्यांचे भय जन्मभर वाटत नाही. आणि नेमक्या याच काळात लशी पूर्ण झालेल्या नसतात, म्हणून पिल्लाला रस्त्याच्या जमिनीवर सोडणे धोक्याचे असते. तेव्हा त्याला कडेवर घेऊन फाटकाशी उभे राहावे. रिक्षा, शाळेची मुले, छत्रीवाले, काठीवाले हे सर्व त्याला तेथून पाहू द्यावे. आरतीच्या झांजा आधी दुसऱ्या खोलीतून, मग जवळून ऐकवाव्या. पावसाळ्यात आणलेल्या पिल्लापुढे दोन-तीन महिन्यांतच दिवाळी येऊन ठेपते. फटाक्यांच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, कोणाच्या तरी सोबतीने ठेवावे.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, नंतर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, अशा चार महिन्यांपर्यंत चालतात. त्या दिवसांत ओकारी आणि रक्ताचे जुलाब होऊ लागले तर घरगुती उपायांत एक दिवसही दवडू नये. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते. तोवर, आणि नंतरही, पिल्लाचा दात वा नख लागून मुलाचे कातडे फुटले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हा रोग एकदा दिसू लागला की त्यातून मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळीच लस घेतली तर जवळजवळ नेहमी वाचतो. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण वडील मंडळींना अजून आहे. ती पद्धत केव्हाच गेली, आता थोडीच इंजेक्शने दंडात घ्यावी लागतात. मुले असे ओरखडे लपवितात ते सुईच्या भीतीने नव्हे. सांगितले तर पिल्लाला घालवून देतील, या भीतीने. तेव्हा पिल्लू ज्या दिवशी घरी येईल त्याच दिवशी घरातल्या सर्वांत वडील माणसाने मुलांना जवळ बसवून सांगावे की, ओरखडा दाखविला म्हणून पिल्लाला कोणी बाहेर काढणार नाही.